बुलेटच्या फोर्कला एकसारखे बोल्ट

म्हापशात घेतलेल्या जुन्या बुलेटच्या पुढच्या अ‍ॅक्सलची कॅप धरणारे बोल्ट सगळे वेगवेगळे. एक तर 8 मिमीचा, इंची आट्यात रेटून बसवलेला. 5/16 इंच म्हणजे 7.94 मिमी, त्यामुळे तो थोडा शिरतो. पण भोकातले आटे बीएसएफचे (जुनं ब्रिटिश बारीक आट्यांचं माप), इंचाला 22; या 8 मिमीवाल्याचे जेमतेम 20. मग अडकतो, आणि पान्याने जोर लावला की आतले आटे सोलतात. पुढच्या चाकाशी असला खेळ नकोच!

पिच गेजने (आट्यांमधलं अंतर मोजायची पट्टी) मोजलं, टॅप (भोकात आटे पाडायचं हत्यार) हलक्या हाताने फिरवून आटे साफ केले, सगळीकडे हाय टेन्साइल, म्हणजे जास्त ताण सोसणारे, बीएसएफ बोल्ट घातले. स्टेनलेस मुद्दाम टाळलं. आपल्या खाऱ्या हवेत त्याला लागून असलेलं अ‍ॅल्युमिनियम खराब होतं. ग्रीस भरपूर लावलं. पक्कं आवळण्याआधी ब्रेक धरून फोर्क खालीवर दाबून घ्या, फोर्कचे दोन्ही पाय सरळ बसतात.