रोजगार मेळावा आणि थेट मुलाखत: जावं का, आणि गेलात तर दिवस वाया कसा जाऊ द्यायचा नाही

पुणे जिल्ह्यातल्या एका कारखान्याच्या एचआर खात्यात मी काही वर्षं होतो. रोजगार मेळाव्यात टेबलाच्या पलीकडे बसायची वेळ त्या काळात बरेचदा आली. संध्याकाळी मांडव उतरायला लागला की आमच्यासमोर बायोडाटाचे दोन गठ्ठे उरायचे, एक वीतभर जाड आणि दुसरा बोटभर. जाड गठ्ठा नुसता कागद ठेवून पुढच्या स्टॉलकडे सरकलेल्यांचा. बारीक गठ्ठ्यातल्या प्रत्येक कागदाच्या कोपऱ्यात पेनाने काहीतरी खरडलेलं असायचं: ‘मिग वेल्डिंग येतं, रात्रपाळी चालेल’, ‘चाकणला मामाकडे राहील’, ‘सोमवारी येतो म्हणाला’. फोन जायचे ते या बारीक गठ्ठ्याला. जाड गठ्ठा गाडीच्या डिकीतून ऑफिसात यायचा आणि तिथून कपाटात जायचा.

तेव्हा ‘मेळाव्याला जाऊन काही होतं का?’ असं कुणी विचारलं की मी सांगतो, कागद ठेवायला जाणार असाल तर घरीच थांबा. तुमच्या कामाच्या जागा तिथे असतील आणि कोपऱ्यात चार शब्द लिहून घ्यायची तयारी असेल, तर जरूर जा.

पायरी 1: बोलावणं नेमकं कशाचं आहे ते ओळखा

एकाच नावाखाली तीन वेगळ्या गोष्टी खपतात. पहिली म्हणजे रोजगार मेळावा. तिथे बऱ्याच कंपन्या एका छताखाली येतात. राज्यात जिल्हा कौशल्य विकास, रोजगार व उद्योजकता मार्गदर्शन केंद्रं ‘पंडित दीनदयाळ उपाध्याय रोजगार मेळावा’ या नावाने हे मेळावे भरवतात. दुसरी थेट मुलाखत. तिथे मालक एक, पदं ठरलेली, आणि आधी अर्ज न करता कागदपत्रं घेऊन हजर व्हायचं.

तिसरी गोष्ट फसवी आहे, म्हणजे नावाला. केंद्र सरकारचा ‘रोजगार मेळा’ 22 ऑक्टोबर 2022 पासून सुरू झाला. त्यात आधीच निवड झालेल्यांना नियुक्तीपत्रं वाटतात. टीव्हीवर तो सोहळा बघून फाइल घेऊन तिथे गेलात तर हात हलवत परत यावं लागेल.

पायरी 2: आपल्या कामाची जागा आहे का ते बघा

मेळाव्यात येणाऱ्या कंपन्यांना एकाच वेळी बरीच माणसं हवी असतात. त्यामुळे आयटीआय झालेले, बारावी पास, नुकते पदवीधर आणि डिप्लोमावाले यांना तिथे खरोखर संधी असते. मशिन ऑपरेटर, फिटर, विमा आणि फायनान्स कंपन्यांचे सेल्सवाले, कॉल सेंटर, सुरक्षारक्षक, गोदामातलं पॅकिंग अशी ती कामं. आठ-दहा वर्षांचा अनुभव असलेल्या माणसाने मेळाव्यात वेळ घालवू नये असं माझं मत आहे. त्याची नोकरी जुन्या सहकाऱ्याच्या फोनवरून येते. स्टॉलवर बसलेल्या पोराला त्याच्या पगाराचा निर्णय घ्यायचा अधिकारच नसतो.

आता यादी वाचा, कारण घरबसल्या निम्मं काम इथेच होतं. सरकारी मेळावा असेल तर राज्य सरकारच्या ‘महास्वयम्’ या रोजगार पोर्टलवर नोंदणी करा. जिल्हा निवडला की येणारे मेळावे दिसतात. त्यात कोणती कंपनी, कोणतं पद, किती जागा, शिक्षण काय हे दिलेलं असतं आणि तिथूनच पदासाठी पसंती नोंदवता येते. वर्तमानपत्रात ‘हजारो पदे’ छापलंय म्हणून हुरळून जाऊ नका. तुमचा ट्रेड टर्नर असेल तर टर्नरच्या किती जागा आहेत एवढंच मोजा. ‘ट्रेनी’, ‘अप्रेंटिस’ (ठरावीक मुदतीचा शिकाऊ उमेदवार) आणि कायम पद हे तीन वेगळे ढीग करा. यादीत तुमच्या कामाच्या तीन तरी कंपन्या दिसल्या तर निघा. एकच असेल तर तिलाच थेट फोन करणं स्वस्त पडतं.

मोठा मेळावा की छोटा? 2024 च्या फेब्रुवारी-मार्चमध्ये लातूर, बारामती, ठाणे अशा ठिकाणी नमो महारोजगार मेळावे झाले. अशा भव्य मांडवात कंपन्या जास्त, पण तुमच्या वाट्याला येणारी मिनिटं कमी. तालुक्याच्या आयटीआयत भरलेला पंधरा-वीस स्टॉलचा मेळावा मला जास्त आवडतो. तिथे कंपनीवाल्याला दुपारी जेवणानंतर खरंच वेळ असतो.

पायरी 3: दिवसाचा हिशोब मांडा

एसटीचं भाडं, नाश्ता-जेवण, झेरॉक्स, आणि रोजंदारी बुडत असेल तर तीही. हा आकडा कागदावर लिहा. जालन्याहून चाकणला थेट मुलाखतीला जायचं तर रात्रीचा प्रवास आणि दुसरा दिवसही जातो. तीच चाकणची कंपनी जालन्याच्या मेळाव्यात येणार असेल, तर तिथे गाठणं शहाणपणाचं. आपल्या जिल्ह्यातल्या मेळाव्याचा मला दिसलेला सगळ्यात मोठा फायदा हाच: लांबची कंपनी स्वतःच्या खर्चाने तुमच्या दारात येते.

पायरी 4: फाइल आणि बायोडाटा

बायोडाटा एक पानाचा, दहा-बारा प्रती. अगदी वर नाव, ट्रेड किंवा पदवी, उत्तीर्ण झाल्याचं वर्ष, राहण्याचं गाव आणि दोन फोन नंबर. त्याखाली काय काम येतं ते यंत्राच्या किंवा सॉफ्टवेअरच्या नावानिशी: ‘व्हीएमसी ऑपरेटिंग’, ‘टॅली’, ‘मिग वेल्डिंग’. ‘मेहनती, प्रामाणिक, टीमवर्कची आवड’ ही ओळ आम्ही कुणीच कधी वाचली नाही. वरचा उजवा कोपरा मात्र मोकळा सोडा. का ते कळलंच असेल.

सोबत आधार, पॅन, गुणपत्रिकांच्या झेरॉक्स, पासपोर्ट फोटो, पेन. मूळ कागद खासगी कंपन्यांच्या मेळाव्यात फक्त दाखवायचे, कुणाच्या ताब्यात द्यायचे नाहीत.

पायरी 5: स्टॉलवर

लवकर पोचा. उद्घाटनाची भाषणं चालू असताना स्टॉल मांडलेले असतात आणि टेबलापुढे रांग नसते. ती वेळ सोन्यासारखी. आधी नक्की केलेल्या कंपन्यांकडे जा, फुकट पिशव्या वाटणाऱ्या स्टॉलकडे नंतर.

पहिलं वाक्य पाठ करून ठेवा. “सर, माझं फिटरचं आयटीआय झालंय, वर्षभर अप्रेंटिसशिप केली आहे, तुमच्या यादीत फिटरच्या जागा दिसल्या म्हणून आलो.” एवढ्याने समोरचा मान वर करतो. “काही जागा आहे का?” असं विचारलं तर तो म्हणतो, “बायोडाटा ठेवून जा.” तुम्ही जाड गठ्ठ्यात गेलात.

मग तुमची पाळी. हे नक्की विचारा:

- नोकरी कंपनीच्या पेरोलवर की कंत्राटदाराच्या?
- कामाची जागा कुठली? (ऑफिस पुण्यात आणि काम रांजणगावला, असं नेहमी होतं.)
- पाळ्या कशा, कंपनीची बस कुठून, कँटीन आहे का?
- हातात किती पडेल?
- पुढची फेरी कधी, आणि फोन कोण करणार?

शेवटच्या प्रश्नाचं उत्तर वहीत लिहा, त्या माणसाचं नाव आणि नंबरही. तुम्ही लिहायला लागलात की तोही तुमच्या कागदावर काहीतरी लिहितो. हे मी स्वतः करायचो, नकळत.

पायरी 6: ‘अठरा हजार’ म्हणजे किती?

स्टॉलवर बोलला जाणारा आकडा बहुतेक वेळा सीटीसी असतो, म्हणजे कंपनीला तुमच्यापायी येणारा एकूण खर्च. एक हिशोब करून बघू. एकूण पगार 16,000, त्यातलं मूळ वेतन आणि महागाई भत्ता 12,000. कंपनी तुमच्या पीएफमध्ये 12 टक्के म्हणजे 1,440 घालते आणि ईएसआय म्हणजे कामगारांच्या आरोग्य विम्यासाठी 3.25 टक्के म्हणजे 520. झाले 17,960. त्याला स्टॉलवर ‘अठरा हजार’ म्हणतात.

आता तुमच्या बाजूने कापा: पीएफ 1,440, ईएसआय 0.75 टक्के म्हणजे 120, व्यवसाय कर 200. हातात उरले 14,240. महिलांना महिना 25,000 पर्यंतच्या पगारावर महाराष्ट्रात व्यवसाय कर नाही, त्यामुळे त्यांना 14,440. यातून कॉट बेसिसचं भाडं आणि मेस जाऊन घरी किती पाठवता येईल ते बघा आणि मग हो म्हणा. पीएफचे पैसे तुमचेच आहेत, ते बुडत नाहीत. पण पहिल्या महिन्याच्या भाड्याला उपयोगी पडत नाहीत.

अप्रेंटिस म्हणून घेत असतील तर मिळतं ते विद्यावेतन. अप्रेंटिस कायद्यात, म्हणजे 1961 च्या, मुदत संपल्यावर कायम करण्याची सक्ती कंपनीवर नाही. तरीही नवख्या आयटीआयवाल्याने नामांकित कारखान्यातली अप्रेंटिसशिप सोडू नये. पुढच्या स्टॉलवर बोलायला एक वाक्य मिळतं.

पायरी 7: थेट मुलाखतीची तयारी वेगळी

जिल्हा परिषद, महापालिकेचे दवाखाने, आरोग्य अभियान इथे डॉक्टर, परिचारिका, लॅब टेक्निशियन अशी कंत्राटी पदं थेट मुलाखतीने भरतात. मुंबईच्या टाटा मेमोरियल या कर्करोग रुग्णालयात आणि त्याच संस्थेच्या खारघर केंद्रातही अशा मुलाखती होतात. महाविद्यालयांत तासिका तत्त्वावरच्या प्राध्यापकांची निवड याच पद्धतीची. अशा ठिकाणी जागा खरी असते आणि निर्णय घेणारी माणसं समोर बसलेली असतात, म्हणून पात्रता पूर्ण असेल तर मी थेट मुलाखतीला मेळाव्यापेक्षा वरचा नंबर देतो.

पण जाहिरात शब्दन् शब्द वाचा. नोंदणीची वेळ आणि मुलाखतीची वेळ वेगळी असते. नोंदणी बंद झाली की फाटक बंद. मूळ कागदपत्रं आणि स्वतः सही केलेल्या प्रतींचा संच लागतो. वैद्यकीय पदांसाठी मेडिकल किंवा नर्सिंग कौन्सिलसारख्या आपल्या परिषदेच्या नोंदणीचं नूतनीकरण संपलेलं नाही ना ते आदल्या आठवड्यात तपासा. कंत्राट किती महिन्यांचं ते बघा. प्रवासभत्ता मिळणार नाही ही ओळ बहुतेक असतेच. आणि निघायच्या आदल्या संध्याकाळी संस्थेच्या संकेतस्थळावर पुन्हा डोकवा, कारण ‘मुलाखत पुढे ढकलली’ ही सूचना तिथेच येते, व्हॉट्सअॅपवर फिरणाऱ्या जुन्या जाहिरातीत येत नाही.

पात्रता दहावी आणि जागा भरपूर, अशी थेट भरती असेल तर मात्र गर्दीचा अंदाज घ्या. जुलै 2024 मध्ये मुंबईत कलिना इथे विमानतळावरच्या सामान चढवण्या-उतरवण्यासारख्या कामांसाठी अशी भरती होती. सुमारे 2,200 जागांसाठी हजारो मुलं आली, रेटारेटी झाली आणि शेवटी अर्ज ठेवून परत जा असं सांगावं लागलं. अशा ठिकाणी रात्रीचा प्रवास करून, उपाशी, एकट्याने जाऊ नका. भरती अनेक दिवसांची असेल तर आपल्या पदाचा दिवस कोणता ते बघूनच निघा.

पायरी 8: पैसे मागितले तर

मेळाव्यात नोंदणी फी, युनिफॉर्मचे पैसे, ‘नंतर परत मिळणारं डिपॉझिट’ असं काहीही मागितलं तर पाठ फिरवा. सरकारी किंवा सार्वजनिक संस्थेच्या जाहिरातीत छापलेलं परीक्षा वा अर्ज शुल्क ही वेगळी गोष्ट. ते संस्थेच्या नावाने भरायचं असतं, कुणाच्या वैयक्तिक यूपीआयवर कधीच नाही. आखाती देशांतल्या नोकरीसाठी मुंबईत मुलाखत असेल तर एजंटचा परवाना केंद्र सरकारच्या ‘ई-मायग्रेट’ पोर्टलवर तपासा. परवानाधारक एजंटलाही 30,000 रुपये आणि त्यावरचा जीएसटी यापेक्षा जास्त सेवाशुल्क घेता येत नाही. ऑनलाइन पैसे गेलेच तर लगेच 1930 या सायबर फसवणुकीच्या हेल्पलाइनवर फोन करा, दुसऱ्या दिवसाची वाट बघू नका.

पायरी 9: घरी आल्यावर

त्याच संध्याकाळी, वहीत नंबर लिहिलेल्या प्रत्येकाला दोन ओळींचा मेसेज पाठवा: नाव, पद, आज कुठे भेटलो. चार-पाच दिवसांत काही आलं नाही तर एक फोन. रोज फोन केलात तर नंबर ब्लॉक होतो, हेही मी टेबलापलीकडून पाहिलंय.

आणि पुढचे दोन आठवडे अनोळखी नंबर उचला. आमच्या बारीक गठ्ठ्यातली कितीतरी मुलं फक्त फोन न लागल्याने राहिली: रिचार्ज संपलेला, शेतात रेंज नाही, नाहीतर सिम बदललेलं. दोनदा लावायचो आणि कोपऱ्यात तिसरी नोंद पडायची, ‘उचलत नाही’. म्हणून तो दुसरा नंबर. तो आईचा, भावाचा, शेजारच्या काकूंचा, कुणाचाही चालेल; फक्त त्यांना आधी सांगून ठेवा, की पुण्याहून फोन आला तर तो कशाचा असेल.