पॅरिसमध्ये वाढदिवस? आधी वार बघा

दोघांनी पॅरिसला जाऊन वाढदिवस करायचा बेत असेल, तर तारीख कोणत्या वारी येते ते आधी पाहा. मंगळवारी लूव्र संग्रहालय बंद, सोमवारी ओर्से संग्रहालय आणि व्हर्सायचा राजवाडा बंद. केकची बरीच दुकानंही सोमवारी उघडत नाहीत, तेव्हा केक रविवारी सकाळीच आणून ठेवा. अंडं चालत नसेल तर केकचा हट्ट सोडलेलाच बरा. मूसच्या (हलक्या, फेसाळ क्रीमच्या) केकमध्ये अनेकदा प्राण्यांपासून बनणारं जिलेटिनही असतं. त्यापेक्षा फळांचं सॉर्बे (फळांच्या रसाचं गोठवलेलं आइस्क्रीम) घ्या, तेही विचारून.

आयफेल टॉवर अंधार पडल्यावर दर तासाच्या ठोक्याला पाच मिनिटं लखलखतो. जूनमध्ये सूर्य मावळायलाच रात्रीचे जवळपास १० वाजतात, म्हणून आधी जेवून घ्या. डिसेंबरात संध्याकाळी ६ लाच काम होतं, फक्त थंडी बोचते. लिफ्टची तिकिटं साधारण ६० दिवस आधी अधिकृत संकेतस्थळावर मिळतात. पण वर गेलं की टॉवरच दिसत नाही! फोटो हवा असेल तर टॉवरसमोर नदीपलीकडच्या त्रोकादेरो चौकात उभं राहा.

फ्रान्सला जाण्यासाठी लागणाऱ्या शेंगेन व्हिसाचा अर्ज सहा महिने आधीपासून करता येतो. हॉटेलच्या खोलीत मेणबत्त्या मात्र पेटवू नका, धुराचा अलार्म वाजतो.