कमी पैशात ट्रॅक डे सुरू करायचाय? आधी ब्रेकचं बघा

ट्रॅक डे म्हणजे रेस नाही, हे आधी डोक्यात पक्कं करा. रेस ट्रॅक दिवसभरासाठी भाड्याने घेतलेला असतो, आपण फी भरून आपलीच गाडी घेऊन जायचं, अनुभवाप्रमाणे ग्रुप पाडलेले असतात, प्रत्येक ग्रुपला साधारण १५-२० मिनिटांचं एक सेशन आणि अशी दिवसभरात चार-पाच सेशन मिळतात. नंबर नाही, बक्षीस नाही, बऱ्याच ठिकाणी तर नवीन लोकांना लॅपचं, म्हणजे एका फेरीचं, टायमिंगसुद्धा लावू देत नाहीत आणि ते अगदी बरोबर आहे. समोरून कोणी येत नाही, मध्येच कोणी आडवं येत नाही आणि आपली रोजची गाडी खरंच काय करू शकते ते पहिल्यांदा कळतं. गाडी चालवायची मनापासून आवड असेल तर हे एकदा तरी करावंच, आणि त्यासाठी श्रीमंत असावं लागत नाही, फक्त पैसे कुठे घालायचे आणि कुठे अजिबात नाही हे कळावं लागतं.

बहुतेक लोक हिशोब चुकीच्या बाजूने सुरू करतात. गाडी कुठली घेऊ, एक्झॉस्ट कुठला लावू, रीमॅप (इंजिनच्या कॉम्प्युटरची सेटिंग बदलून पॉवर वाढवणं) करू का, यातच बजेट संपतं आणि मग वर्षात एकच ट्रॅक डे होतो. खरा खर्च हा प्रत्येक वेळी होणारा खर्च आहे: फी, जायचं-यायचं, ब्रेक पॅड, टायर, ब्रेक ऑइल, इंजिन ऑइल लवकर बदलणं, आणि पेट्रोल, कारण ट्रॅकवर गाडीचं अ‍ॅव्हरेज रोजच्या निम्म्याच्याही खाली जाऊ शकतं. आधी कागदावर एका दिवसाचा खर्च मांडा, मग वर्षाला किती दिवस परवडतात ते बघा. जे पैसे बाजूला काढलेत त्यातले निम्म्याहून जास्त गाडीच्या वस्तूंवर जात असतील तर यादीतून वस्तू काढा, दिवस वाढवा. शिकायला होतं ते ट्रॅकवर घालवलेल्या वेळातूनच.

दुसरी गोष्ट, जरा कडू आहे पण आधीच सांगतो. नेहमीच्या कार इन्शुरन्समध्ये ट्रॅकवरचं नुकसान बहुतेक वेळा धरत नाहीत, पॉलिसीतला बारीक टाइप स्वतः वाचा, एजंट तोंडी काय म्हणाला त्यावर जाऊ नका. सही करायच्या फॉर्मवर पण लक्ष द्या, बऱ्याच ट्रॅकवर बॅरिअर तोडलात तर त्याचे पैसे तुम्हीच भरायचे असतात. म्हणून जी गाडी ठोकली गेली तर घरखर्च कोलमडेल, जिचे हप्ते चालू आहेत, जिच्यावर सोमवारी सकाळी कामाला जायचं आहे आणि दुसरी सोयच नाही, ती ट्रॅकवर नेऊ नका. थांबा, पैसे साठवा, तोपर्यंत गाडीशिवाय किंवा कमी धोक्यात शिकता येण्यासारखं भरपूर आहे.

म्हणजे काय तर कार्टिंग, छोट्या उघड्या गाड्या छोट्या ट्रॅकवर चालवणं. भाड्याच्या कार्टला सस्पेन्शन नसतं, डिफरन्शिअल (वळणात दोन्ही चाकांना वेगवेगळ्या वेगाने फिरू देणारा भाग) नसतं, ब्रेक मागच्या अ‍ॅक्सलवरच, त्यामुळे स्टिअरिंग खसकन फिरवलं की कार्ट लगेच हळू होते आणि चूक पाठीला कळते. वळणाची लाइन, ब्रेक कधी सोडायचा, मागून येणाऱ्याला जागा कशी द्यायची, हे सगळं तिथे फार कमी पैशात शिकता येतं. त्यानंतर ऑटोक्रॉस, मोकळ्या जागेत कोन मांडून एका वेळी एकच गाडी सोडतात, स्पीड कमी, धडकायला काही नाही, कोन उडवला तर फक्त सेकंद वाढतात. टायर-ब्रेकची झीजही त्यात कमी. आणि एक मार्ग लोक विसरतात तो म्हणजे मार्शल, म्हणजे वळणावर उभं राहून झेंडे दाखवणारा, म्हणून मदतीला जाणं. दिवसभर एका वळणावर उभं राहून चांगले ड्रायव्हर कुठे ब्रेक मारतात, नवीन लोक नेमके कुठे घसरतात हे बघायला मिळतं, शिवाय सगळे झेंडे पाठ होतात. कॉम्प्युटरवरचा सिम्युलेटरही वळणांचा क्रम पाठ करायला चांगला, फक्त सीटखालून गाडी सरकताना जी जाणीव होते ती त्यात मिळत नाही एवढं लक्षात ठेवा.

आता गाडी. वरच्या अटीत बसत असेल, ठणठणीत असेल आणि हलकी असेल तर आहे तीच गाडी. १००० किलोची गाडी १६०० किलोच्या गाडीपेक्षा टायर, ब्रेक, पेट्रोल सगळंच कमी खाते. माझदाची मियाटा १९८९ मध्ये आली ती जेमतेम ९५० किलोची आणि साधारण ११५ हॉर्सपॉवरची होती, तरी आजपर्यंत ट्रॅकवाल्यांची लाडकी आहे ती याच कारणाने. पण तीच हवी असं काही नाही, साधी मॅन्युअल हॅचबॅक पुष्कळ झाली. उंच एसयूव्ही मात्र नको, कलंडायच्या भीतीने बरेच आयोजक घेतच नाहीत. जास्त पॉवर पहिल्या वर्षी नुकसानच करते कारण वळणात केलेली चूक सरळ रस्त्यावर अ‍ॅक्सिलरेटर दाबून भरून निघते, आणि चूक होती हे कळतच नाही.

आता ब्रेक, आणि इथे मी जास्त बोलणार आहे. पहिल्या वेळी मी टायर नवीन घातले, ऑइल बदललं, गाडी चकचकीत धुतली आणि ब्रेक ऑइलकडे बघितलंसुद्धा नाही, ते तीन वर्षांचं जुनं होतं. दुसऱ्या सेशनला लांब सरळ पट्ट्याच्या शेवटी पॅडल दाबलं तर ते स्पंजासारखं मऊ खाली गेलं, पुन्हा पुन्हा पंप केलं तेव्हा थोडं धरलं आणि मी वळण सोडून सरळ मातीत गेलो. काही झालं नाही, पण ती दोन सेकंद मी अजून विसरलेलो नाही.

झालं काय होतं ते सांगतो. ब्रेक मारला की गाडीच्या वेगाची सगळी ऊर्जा डिस्क-पॅडमध्ये उष्णता होऊन जाते, आणि ही ऊर्जा वेगाच्या वर्गाने वाढते, म्हणजे १०० ऐवजी १४० वरून थांबलात तर उष्णता जवळपास दुप्पट. रस्त्यावर असा ब्रेक दिवसात एखादा, ट्रॅकवर दर लॅपला चार-पाच. ती उष्णता कॅलिपरमधून, म्हणजे पॅड डिस्कवर आवळणाऱ्या भागातून, ब्रेक ऑइलपर्यंत पोचते. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं आणि पाणी शिरलं की त्याचा उकळबिंदू पडतो. डॉट हा ब्रेक ऑइलचा ग्रेड. डॉट ३ चा ताजा असताना किमान २०५ अंश सेल्सिअस, पाणी ओढल्यावर १४०. डॉट ४ चा २३० आणि १५५. डॉट ५.१ चा २६० आणि १८०. तेल उकळलं की वाफेचे बुडबुडे होतात, तेल दाबलं जात नाही पण वाफ दाबली जाते, म्हणून पॅडल खाली जातं आणि चाकापर्यंत जोर पोचतच नाही.

म्हणून पहिल्या ट्रॅक डेच्या आधी आठवड्याभरात चांगल्या कंपनीचं ताजं डॉट ४ भरून पूर्ण ब्लीड करून घ्या, म्हणजे जुनं तेल आणि आतली हवा काढून टाका. सगळ्या यादीत एवढ्या कमी पैशात एवढी मोठी सुरक्षितता दुसरी कुठलीच नाही. गाडीच्या मॅन्युअलमध्ये कुठला ग्रेड लिहिलाय ते बघा, आणि डॉट ५ नावावरून ५.१ चा भाऊ वाटला तरी तो सिलिकॉनचा वेगळाच प्रकार आहे, तो चुकूनही मिसळायचा नाही. पॅड निम्म्याहून जास्त शिल्लक हवेत, पातळ पॅड उष्णता लवकर पुढे ढकलतो. नेहमीचे पॅड पहिल्या एक-दोन दिवसांना चालतात, जरा दमाने घेतलं तर. पुढे वेग वाढला की ते फेड होतील, म्हणजे पॅडल घट्टच राहील पण गाडी थांबणार नाही, तेव्हा जास्त तापमान सहन करणारे पॅड घ्या. मोठ्या डिस्क, मोठे कॅलिपर यांची गरज हलक्या गाडीला बहुतेक वेळा पडतच नाही. हा फरक मात्र पाठच करा: पॅडल मऊ झालं तर तेल उकळलंय, पॅडल घट्ट आणि गाडी थांबत नाही तर पॅड तापलेत. दोन्हीमध्ये वेग कमी करा, पिटमध्ये (ट्रॅकच्या बाजूला गाड्या थांबतात तिथे) या, थंड होऊ द्या, आणि मऊ झालं असेल तर पुन्हा ब्लीड केल्याशिवाय बाहेर जाऊ नका.

ब्रेक वाचवायची फुकट युक्ती म्हणजे जोरात पण थोडा वेळ ब्रेक मारणं. घाबरून लांबूनच हलका ब्रेक दाबून ठेवला की डिस्क थंड व्हायला वेळच मिळत नाही. सेशनचा शेवटचा लॅप ब्रेकला शक्यतो हात न लावता, म्हणजे पाय न लावता, हळू फिरायचा. पिटमध्ये आल्यावर हँडब्रेक ओढायचा नाही, तापलेले पॅड एकाच जागी आवळून राहतात आणि डिस्कवर डाग पडतो, गाडी गिअरमध्ये ठेवा आणि चाकाला लाकडाचा ठोकळा लावा.

टायर साधेच चांगले. खास ट्रॅकचे चिकट टायर पहिल्या वर्षी नकोत, महाग असतात, लवकर संपतात आणि सुटतात तेव्हा अचानक सुटतात. साधा टायर आधी किंचाळतो, तक्रार करतो, मग हळूहळू सुटतो, शिकायला तेच हवंय. बाजूवर चार आकडी कोड असतो, २३२२ म्हणजे २०२२ सालचा २३ वा आठवडा, सहा-सात वर्षांपेक्षा जुना असेल तर नक्षी कितीही शाबूत असली तरी नेऊ नका. हवा महत्त्वाची, टायर तापला की प्रेशर चार-सहा पीएसआय सहज वाढतं, म्हणून सेशनवरून आल्या आल्या मोजा आणि थोडी काढा. किती काढायची ते कळायला टायरच्या खांद्यावर खडूची रेघ मारा, रेघ बाजूच्या भिंतीपर्यंत पुसली गेली असेल तर हवा कमी आहे, खांद्यावर तशीच राहिली तर जास्त. घरी जाताना हवा परत भरायची, विसरू नका. गेज आणि पायाचा पंप डिकीत असू द्या, आणि टॉर्क रेंच (नट ठरलेल्या जोरानेच आवळायचा पाना) उसना का होईना पण आणाच, चाकाचे नट मॅन्युअलमधल्या आकड्याला आवळून दिवसभरात मधूनमधून तपासायचे.

हेल्मेटच्या बाबतीत स्नेल या हेल्मेट तपासणाऱ्या संस्थेच्या स्टिकरवर एसए आहे की एम ते बघा. एम मोटरसायकलचं, एसए कारचं, त्याचं अस्तर आगीला टिकतं आणि रोल बारवर (गाडी उलटली तर वाचवणाऱ्या आतल्या लोखंडी दांड्यावर) डोकं आपटणं धरून त्याची टेस्ट होते. कुठलं चालेल ते आयोजकाला आधी विचारा, कधीकधी भाड्याने मिळतं. सेकंडहँड मात्र घेऊ नका, आतलं थर्माकोलसारखं कवच एकदा दबलेलं असेल तर बाहेरून दिसत नाही. कपडे पूर्ण बाह्यांचे, सुती, बूट पातळ तळाचे.

बाकी गाडीचं पटकन: इंजिन ऑइल वरच्या खुणेपर्यंत, कारण लांब वळणात तेल एका बाजूला जातं आणि कमी असेल तर पंपाला मिळत नाही. कूलंट बघा, बॅटरी हलत नाही ना बघा, गळती कुठे नाही ना. गाडीतून सगळं बाहेर काढा, ड्रायव्हरच्या पायाखालची मॅट आणि पाण्याची बाटली तर आधी, ब्रेक पॅडलखाली बाटली गेली तर बाकी सगळी तयारी वाया.

ट्रॅकवर पोचल्यावर ब्रीफिंग चुकवू नका. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, ओव्हरटेक बंद. लाल म्हणजे सेशन थांबलं, आरसे बघत हळू व्हा आणि सांगितलंय तसं करा. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी आहे. काळा तुमच्याकडे रोखला तर पिटमध्ये या, काळ्यावर नारिंगी गोल असेल तर गाडीतच काहीतरी बिघडलंय. ओव्हरटेक बहुतेक ठिकाणी सरळ पट्ट्यावरच आणि पुढच्याने हाताने खूण केली तरच. इन्स्ट्रक्टर मिळत असेल तर कुठलाही पार्ट घ्यायच्या आधी ते पैसे इन्स्ट्रक्टरला द्या, एका दिवसात तो जे दाखवतो ते एकट्याने समजायला सहा दिवस जातात.

चालवताना नजर लांब, पुढच्या वळणाच्या बाहेर पडायच्या जागेकडे. ब्रेक सरळ रेषेत संपवायचा, आत शिरताना हळू आणि बाहेर पडताना अ‍ॅक्सिलरेटर हळूहळू. वळणात मध्येच घाबरून पाय एकदम उचलू नका, वजन पुढे जातं, मागची चाकं हलकी होतात आणि गाडी फिरते. दोन चाकं बाहेर घसरली तर झटक्याने आत ओढू नका, स्टिअरिंग सरळ ठेवा, वेग उतरू द्या आणि मग हळू परत या. गाडी फिरलीच तर क्लच आणि ब्रेक दोन्ही पूर्ण दाबून थांबा. शेवटच्या सेशनच्या आधी स्वतःला खरं उत्तर द्या, थकलात का? थकला असाल तर फीचे पैसे वाया जातील म्हणून जाऊ नका, ते सेशन सोडा, त्यापेक्षा एक वाकलेलं सस्पेन्शन कितीतरी महाग पडतं.

घरी आल्यावर, गाडी थंड झाल्यावर, चाकं काढून पॅडची जाडी मोजा आणि वहीत लिहा, सोबत टायरची खोली आणि ऑइल किती घातलं तेही. सकाळी पॅड १० मिलिमीटर होता आणि आता ८ आहे, निम्म्यावर, म्हणजे ५ वर थांबायचं, तर उरले ३ मिलिमीटर, म्हणजे अजून एक दिवस सहज आणि दुसरा अर्धवट. दोन-तीन ट्रॅक डेनंतर ही वही हातात असली की पुढच्या वर्षी किती दिवस जमतील ते तुम्हाला कोणाला विचारावं लागणार नाही.