बॅचचं रीयुनियन आणि त्यानंतरची शांतता: या चुका टाळा

बिझनेस स्कूल सोडून काही वर्षं झाली की बॅचच्या ग्रुपवर एक मेसेज हमखास येतो: ‘अरे, एकदा सगळे भेटूया ना!’ त्याखाली भराभर अंगठे उमटतात, दोघं-तिघं महिने सुचवतात, कुणीतरी पदवीदानाचा जुना फोटो टाकतं आणि विषय तिथेच बसतो. कधी भेट खरोखर होतेही. मग दोन दिवस ग्रुप ओसंडून वाहतो आणि तिसऱ्या दिवसापासून पुन्हा फक्त वाढदिवसाच्या शुभेच्छा.

यातल्या बहुतेक अडचणींचं मूळ एकाच गैरसमजात आहे, असं मला वाटतं. आपण अख्ख्या बॅचला मित्रमंडळ समजतो. दोनशे जणांच्या बॅचमध्ये जिवलग असतात दहा-पंधरा, आणि त्यांना भेटायला रीयुनियन लागत नाही. बाकीच्यांशी असते ती ओळख. कुणी एका टर्मपुरतं प्रोजेक्टला सोबत होतं, कुणी वर्गात एखाद्या कंपनीच्या केसवर (खऱ्या प्रसंगावर) चर्चा चालली की कायम आपल्या विरुद्ध बोलायचं, कुणाबरोबर प्लेसमेंट कमिटीत रात्री जागवल्या होत्या. रीयुनियन खरं तर या माणसांसाठी असतं.

या ओळखींचं मोल समाजशास्त्रज्ञांनी मोजूनही पाहिलंय. मार्क ग्रॅनोव्हेटर यांनी १९७३ साली प्रसिद्ध केलेल्या निबंधात, अमेरिकेतल्या बॉस्टनजवळ नोकरी बदललेल्या व्यावसायिकांना विचारलं होतं, की ज्यांच्यामार्फत नवी नोकरी कळली ती व्यक्ती किती वेळा भेटायची? वारंवार भेटणारे होते १६.७ टक्के. अधूनमधून भेटणारे ५५.६ टक्के आणि वर्षातून एकदा किंवा त्याहूनही कमी भेटणारे २७.८ टक्के. अशा ओळखींची उदाहरणं देताना त्यांनी कॉलेजच्या जुन्या मित्राचा उल्लेख आवर्जून केलाय. कारण सरळ आहे. रोजच्या वर्तुळातल्या माणसांना जे माहीत असतं ते आपल्यालाही माहीत असतं. नवी बातमी लांबून येते.

हे एकदा पटलं की पुढच्या चुका आपोआप दिसू लागतात.

जुन्या टोळीने सगळं ठरवणं

सगळ्यात जास्त नुकसान करणारी आणि सगळ्यात कमी लक्षात येणारी चूक हीच. पाच-सहा जण नेहमी भेटतात, त्यांच्या डोक्यात रीयुनियन येतं, तेच तारीख ठरवतात, तेच ठिकाण ठरवतात. बाकीच्यांना निमंत्रण मिळतं, पण ते दुसऱ्याच्या घरच्या कार्याला गेल्यासारखं वाटतं. मग चाळीस जण येतात, त्यातले तीस एकमेकांना मागच्याच महिन्यात भेटलेले असतात.

कमिटी नेमताना प्रत्येक सेक्शनमधून एक माणूस घ्या. त्यातही सेक्शनमधला सर्वांत बोलका नको, ज्याचं सगळ्यांशी बरं होतं असा घ्या. एक जण परदेशात असलेल्यांपैकी हवा, कारण सुट्टी आणि तिकिटं यांचा विचार त्याच्याच डोक्यात आधी येतो. आणि ग्रुपवर टाकलेला मेसेज म्हणजे निमंत्रण नव्हे, हे कमिटीने भिंतीवर लिहून ठेवावं. दीडशे जणांना एकदम हाक मारली की प्रत्येकाला वाटतं, ती दुसऱ्या कुणाला तरी मारलीय. नावानिशी केलेला एक फोन किंवा दोन ओळींचा वैयक्तिक मेसेज यांना उत्तर येतं. कमिटीतल्या प्रत्येकाने वीस नावं वाटून घेतली तर हे काम दोन आठवड्यांत उरकतं.

यादी करतानाही फसगत होते. संस्थेने दिलेले ईमेल पत्ते बऱ्याचदा बंद पडलेले असतात, लग्नानंतर किंवा इतर कारणाने काहींची आडनावं बदललेली असतात, आणि जे ग्रुपवर नाहीत ते हयातच नाहीत असं धरून चाललं जातं. आधी संस्थेच्या माजी विद्यार्थी कार्यालयाकडे विचारा, मग लिंक्डइनवर बॅचच्या वर्षाने शोधा आणि उरलेल्यांसाठी त्यांच्या स्टडी ग्रुपमधल्या कुणाला तरी गाठा. ज्यांनी अभ्यासक्रम मध्येच सोडला, जे वर्षभराने मागच्या बॅचमधून आले, जे दुसऱ्या संस्थेतून एका टर्मसाठी एक्स्चेंजवर आले होते, ती नावं यादीतून हमखास गळतात. त्यांना बोलावलं तर ते सहसा खूश होतात, आणि बॅचची आठवणही त्यांना आपल्यापेक्षा वेगळी असते.

तारखेवर मतदान

ग्रुपवर आठ तारखांचा पोल टाकला की तो कधीच संपत नाही. शेवटी कुणालाच न आवडणारी तारीख निवडून येते आणि ती निवडून देणाऱ्यांतले निम्मे येत नाहीत. तीन जणांनी बसून तारीख ठरवावी आणि सहा ते नऊ महिने आधी जाहीर करून मोकळं व्हावं. तिमाही-अखेर आणि वर्षअखेर तेवढे टाळा. बॅचमधल्या फायनान्सवाल्यांना आणि सेल्सवाल्यांना त्या दिवसांत मान वर करायला फुरसत नसते.

पाच वर्षांचं चक्र ठेवण्याची पद्धत त्यासाठीच बरी. हार्वर्ड बिझनेस स्कूलसारख्या संस्था पाचव्या, दहाव्या, पंधराव्या अशा वर्षी बॅचेसना बोलावतात. पुढचं रीयुनियन कुठल्या वर्षी आहे हे बॅचला आधीच ठाऊक असतं, दर वेळी ‘भेटूया का’ पासून सुरुवात करावी लागत नाही. दरवर्षी मोठा मेळावा भरवण्याचा उत्साह मात्र आवरा. दुसऱ्या वर्षी उपस्थिती घटते, तिसऱ्या वर्षी कमिटीच येत नाही.

खर्चाचा आकडा वरच्या टोकाने ठरवणं

पंधरा वर्षांत एकाच बॅचमधल्या लोकांच्या परिस्थितीत जमीन-अस्मानाचा फरक पडतो. कुणी भागीदार झालेला असतो, कुणी संस्थेत शिकवतो, कुणी सामाजिक कामात गेलेला असतो, कुणाचा धंदा नुकताच बुडालेला असतो. आलिशान रिसॉर्टचा आकडा ग्रुपवर पडला की ज्याला तो झेपत नाही तो ‘महाग आहे’ असं म्हणत नाही. तो म्हणतो, ‘त्या दिवशी घरी कार्यक्रम आहे.’ कमिटीला खरं कारण कधीच कळत नाही.

उपाय दोन. वर्गणीचे भाग पाडा: भेटीची मूळ वर्गणी कमी ठेवा, मुक्काम आणि बाकीचा थाट ऐच्छिक ठेवा. आणि ज्यांना जमतं त्यांच्याकडून थोडी जास्त रक्कम घेऊन एक छोटा निधी बाजूला ठेवा. कुणाला त्यातून मदत झाली हे फक्त एकाच माणसाला माहीत असावं, आणि तो माणूस तोंडाचा पक्का असावा. आगाऊ रक्कम परत मिळणार की नाही, मिळाली तर कुठल्या तारखेपर्यंत, हे पहिल्याच मेसेजमध्ये लिहा. भेट झाल्यावर आठवड्याभरात हिशेब ग्रुपवर टाका, शिल्लक चिल्लर असली तरी. बॅचमधल्या कुणाच्या कंपनीने प्रायोजकत्व देऊ केलं तर घ्या खुशाल, पण मंचामागे तिचा फलक लागला की तो कार्यक्रम तिचा होतो.

‘सध्या कुठे आहेस?’

एकशे वीस लोक आलेत आणि प्रत्येकाने एक मिनिट ओळख करून द्यायची ठरली, तर दोन तास त्यातच जातात. पण वेळ वाया जाणं हा यातला लहान तोटा. मोठा तोटा असा की हा ओळखीचा फेरा म्हणजे प्लेसमेंटच्या दिवसाचीच पुढची आवृत्ती होते. नाव, कंपनी, हुद्दा, शहर. ऐकणारा प्रत्येक जण मनातल्या मनात यादी लावत असतो. त्याला तरी काय दोष द्यायचा? दोन वर्षं आपल्याला तेच शिकवलं होतं. ज्याची नोकरी गेलीय, जिने करिअरमधून काही वर्षं विश्रांती घेतलीय, ज्याने कंपनी बंद केलीय, त्यांना हा फेरा नकोसा होतो. पुढच्या वेळी ती माणसं येत नाहीत.

त्याऐवजी छातीवर लावायच्या नावाच्या पट्टीवर प्रवेशाच्या वेळचा जुना फोटो, नाव आणि सेक्शन एवढंच छापा. नाव मोठ्या अक्षरात, कारण नाव न आठवणं हाच खरा संकोच असतो. हुद्दा छापूच नका. बोलण्याची सुरुवात ‘कुठे आहेस’ ऐवजी ‘सध्या डोक्यात काय घोळतंय’ अशा प्रश्नाने केली तर उत्तर देणाऱ्याला कंपनीचं नाव सांगण्याची सक्ती उरत नाही.

कार्यक्रमपत्रिका ठासून भरणं ही याचीच बहीण. भाषणं, सत्कार, खेळ, गाणी, चित्रफीत, आणि या सगळ्यातून उरलेल्या वेळात भेटीगाठी! संस्थेचे प्राध्यापक आले असतील तर त्यांचं अर्धा तास ऐका, बाकीचा वेळ मोकळा सोडा. संगीताचा आवाज इतका ठेवा की शेजारच्याचं बोलणं ऐकू यावं.

जुनी टोपणनावं आणि जुने विनोद जपून. ज्याच्यावर तो विनोद व्हायचा त्याला तेव्हाही तो आवडत नव्हता, फक्त तेव्हा तो बोलला नव्हता.

भेटल्या भेटल्या काम काढणं

बिझनेस स्कूलच्या मेळाव्यात कामाचं बोलूच नये, असं म्हणणारे मला थोडे ढोंगी वाटतात. उपयोग होणारच आणि व्हावाही. चूक होते ती मागण्याच्या पद्धतीत. पंधरा वर्षांनी भेटलेल्या माणसाला पहिल्या दहा मिनिटांत गुंतवणुकीचं सादरीकरण दाखवणं, किंवा ‘तुझ्या कंपनीत माझं नाव लाव ना’ म्हणणं, हे त्याला अडचणीत टाकणं आहे. त्याने तुमचं काम पाहिलेलंच नाही. तो शिफारस करणार कशाच्या जोरावर?

सल्ला मात्र बिनधास्त मागा. डॅनियल लेव्हिन, जॉर्ज वॉल्टर आणि कीथ मर्निघन या संशोधकांचा २०११ सालचा अभ्यास इथे उपयोगी पडतो. नोकरी सांभाळून एमबीए (एक्झिक्युटिव्ह एमबीए) करणाऱ्या अधिकाऱ्यांना त्यांनी किमान तीन वर्षं संपर्क नसलेल्या ओळखीच्या माणसांना गाठून चालू कामाबद्दल सल्ला विचारायला लावला. मिळालेला सल्ला नेहमीच्या सहकाऱ्यांच्या सल्ल्याइतकाच, काही बाबतींत त्याहूनही उपयोगी ठरला. मधल्या काळात ती माणसं दुसऱ्याच जगात वावरली होती, आणि जुना विश्वास शाबूत होता. म्हणून प्रश्न नेमका असू द्या. ‘आमच्या क्षेत्रात वितरकांची उधारी फार वाढलीय, तुमच्याकडे ती कशी आवरता?’ या प्रश्नाला वीस मिनिटांचं उत्तर मिळतं. ‘काही संधी असली तर कळव’ याला ‘नक्की’ मिळतं, आणि त्यापुढे काहीच मिळत नाही.

भेट झाली, आता पुढे?

रीयुनियन ज्या आठवड्यात होतं त्याच्या पुढच्या आठवड्यात त्याचं भवितव्य ठरतं. सगळ्यांशी संपर्क ठेवायचा संकल्प करू नका, तो मोडतोच. घरी परतताना तीन-चार नावं लिहून काढा आणि प्रत्येकापुढे त्याने सांगितलेली एक गोष्ट: मुलीची शस्त्रक्रिया, नवीन कारखाना, संशोधनाचा प्रबंध. आठवड्याच्या आत त्या गोष्टीचा धागा धरून मेसेज करा. उदाहरणार्थ: ‘त्या दिवशी तू गोदामाच्या जागेचं बोलत होतास. माझ्या एका सहकाऱ्याने नुकताच तसाच करार केलाय. हवं असेल तर तुमची ओळख करून देतो. घाई नाही.’ शेवटचे दोन शब्द महत्त्वाचे, उत्तर द्यायचं दडपण त्यांनी उतरतं.

‘इतक्या दिवसांनी मेसेज केला तर विचित्र वाटेल’ ही भीती बहुतेकांना असते. संशोधक पेगी लिऊ आणि सहकाऱ्यांनी २०२२ साली प्रसिद्ध केलेल्या प्रयोगांत दिसलं, की अशी विचारपूस समोरच्याला किती आवडेल याचा अंदाज पाठवणारे कमी बांधतात. आणि विचारपूस जितकी अनपेक्षित, तितकी ती जास्त आवडते.

ग्रुपबद्दल थोडं. व्हॉट्सअ‍ॅपच्या एका ग्रुपमध्ये १०२४ जण मावतात, म्हणजे जागेचा प्रश्न नाही. प्रश्न गोंगाटाचा आहे. सूचनांसाठी एक ग्रुप ठेवा, जिथे फक्त अ‍ॅडमिन लिहितील, आणि गप्पांसाठी दुसरा. राजकारण आणि फॉरवर्ड यांना कंटाळून बाहेर पडलेली माणसं पहिल्या ग्रुपमध्ये टिकतात. अ‍ॅडमिनचं काम दरवर्षी फिरवा. मोठ्या भेटींच्या मधल्या काळात शहराशहरांत सहा-आठ जणांच्या भेटी होऊ द्या. त्यांना कमिटी लागत नाही.

तरीही अडलंच तर

प्रतिसादच येत नसेल तर मेळाव्याचा आकार कमी करा. एका सेक्शनचंच ठेवा. पंचवीस जणांची जमलेली भेट ही दोनशे जणांच्या फसलेल्या बेतापेक्षा जास्त लोकांना पुढच्या वेळी खेचून आणते.

बॅचमधल्या दोन जुन्या भागीदारांचं फाटलं असेल आणि ‘तो येणार असेल तर मी नाही’ असं चाललं असेल, तर मध्यस्थीच्या फंदात पडू नका. दोघांनाही बोलवा, दोघांनाही खरं सांगा, की दुसऱ्यालाही निमंत्रण आहे. निर्णय त्यांचा.

पैशावरून कुरबूर सुरू झाली असेल तर ग्रुपवर उत्तरं देत बसू नका. पावत्यांसह पूर्ण हिशेब एकदाच टाका आणि ज्याची तक्रार आहे त्याला फोन करा.

बॅचमधलं कुणी या जगात नसेल तर सुरुवातीलाच, मोजक्या शब्दांत आठवण काढा, आणि कुटुंबाला आधी विचारून मगच फोटो लावा. ऐन कार्यक्रमात कुणाला तरी ही बातमी पहिल्यांदा कळणं फार वाईट.

आणि जे आले नाहीत त्यांच्याकडे रागाने पाहू नका. कार्यक्रमाच्या दुसऱ्या दिवशी, फोटोंचा पूर ग्रुपवर सोडण्याआधी, त्यांना एकेकाला वेगळा मेसेज करा: कोण कोण तुझी चौकशी करत होतं, आणि पुढची भेट कुठल्या वर्षी आहे.