डायटमची छायाचित्रे सूक्ष्मदर्शकातून टिपताना या चुका टाळा

डायटमचे, म्हणजे सिलिकेचे कवच असलेल्या सूक्ष्म एकपेशीय शैवालाचे, छायाचित्र धूसर आले की पहिला संशय कॅमेऱ्यावर घेतला जातो आणि पहिला खर्चही त्याच्यावरच होतो. प्रत्यक्षात दोष बहुतेक वेळा स्लाइडमध्ये, कंडेन्सरमध्ये (स्लाइडखालून प्रकाश एकवटणाऱ्या भिंगात) किंवा वस्तुभिंगाच्या (नमुन्याजवळच्या भिंगाच्या) पुढच्या काचेवर पसरलेल्या तेलाच्या थरात असतो. डायटमच्या सिलिकेच्या कवचावरील नक्षी इतकी बारीक असते की ती दृश्य प्रकाशाच्या मर्यादेला जाऊन भिडते. प्लुरोसिग्मा अँग्युलेटम या जातीच्या कवचावर १० मायक्रोमीटर अंतरात सुमारे २० ओळी असतात, तर अँफिप्लुरा पेल्युसिडा या जातीत तेवढ्याच अंतरात ३७ ते ४० ओळी बसतात, म्हणजे दोन ओळींमध्ये जेमतेम पाव मायक्रोमीटर अंतर उरते. कीटकाच्या पायाचे छायाचित्र घेताना खपून जाणारी ढिलाई येथे खपत नाही, आणि म्हणूनच कॅमेऱ्याची तपासणी सर्वांत शेवटी करावी.

स्लाइड बनवतानाच्या चुका

पहिली चूक माध्यमाच्या, म्हणजे कवचे ज्यात बसवून स्लाइड बनवतात त्या पदार्थाच्या, निवडीत होते. डायटमच्या कवचाचा अपवर्तनांक सुमारे १.४३ आणि कॅनडा बाल्समचा सुमारे १.५२ असतो; दोहोंत फरक इतका थोडा की बारीक नक्षीची जात बाल्सममध्ये जवळजवळ अदृश्य होते आणि पाहणाऱ्याला वाटते की भिंगच निकृष्ट आहे. नॅफ्रॅक्स किंवा प्ल्युरॅक्स यांसारखी, सुमारे १.७ अपवर्तनांकाची माध्यमे याच कारणाने वापरली जातात. नॅफ्रॅक्स टोल्युइनमध्ये विरघळवलेले असते आणि ते तापवून द्रावक उडवावे लागते, त्यामुळे हे काम हवेशीर जागी आणि ज्वाळेपासून दूर, तापपट्टीवर करावे. घाईने जास्त तापवल्यास बुडबुडे अडकतात. पुरेसे न तापवल्यास माध्यम मऊ राहते, कव्हरस्लिप (नमुन्यावर झाकायची पातळ काच) सरकते आणि तेलात बुडणारे वस्तुभिंग वापरताना कवचे जागेवरून हलतात.

दुसरी चूक अधिक साधी आणि अधिक प्रचलित आहे: डायटमचा थेंब कव्हरस्लिपवर न वाळवता स्लाइडवर वाळवणे. असे केल्यास कवच आणि कव्हरस्लिप यांच्यामध्ये माध्यमाचा जाड थर येतो. वस्तुभिंगाची रचना मात्र सामान्यतः ०.१७ मिलिमीटर जाडीची काच गृहीत धरून केलेली असते, आणि जास्त न्यूमेरिकल अपर्चर (भिंग किती रुंद कोनातला प्रकाश गोळा करते याचे माप) असलेल्या कोरड्या वस्तुभिंगांना त्यातील मिलिमीटरच्या दोन-तीन शतांश भागांचा फरकही सहन होत नाही. चित्र मग कोठेच पूर्ण स्पष्ट होत नाही, सगळीकडे दुधाळ झाक येते आणि फोकसच्या वर-खाली केल्यावर धूसरपणा दोन्ही बाजूंना सारखा दिसत नाही. शेवटचे लक्षण दिसले की दोष जाडीचा आहे असे समजावे. कव्हरस्लिप दीड क्रमांकाची घ्यावी, थेंब तिच्यावरच वाळवावा, आणि वस्तुभिंगावर जाडीनुसार फिरवण्याचे कडे असल्यास ते प्रत्येक स्लाइडसाठी पुन्हा जुळवावे. हे कडे एकदा जुळवून विसरून जाण्याची वस्तू नव्हे.

नमुना स्वच्छ करताना रसायनांचा क्रम चुकला तर तो दोष पुढे कशानेच निघत नाही. नमुन्यात चुनखडीचा अंश असताना आधी हायड्रोक्लोरिक आम्लाने तो घालवून, धुऊन टाकावा लागतो. तसे न करता गंधकाम्ल वापरल्यास जिप्समचे सुईसारखे स्फटिक तयार होतात आणि ते प्रत्येक छायाचित्रात आडवे येतात. सेंद्रिय अंश जाळण्यासाठी तापवलेले हायड्रोजन पेरॉक्साइड उपयोगी पडते, पण ते अचानक फेसाळून उसळते. म्हणून भांडे मोठे, उघडे आणि अर्ध्याहून कमी भरलेले असावे, डोळ्यांवर संरक्षक चष्मा असावा आणि बाटलीचे झाकण कधीही घट्ट लावू नये. नंतरची धुलाई ऊर्ध्वपातित पाण्याने, निवळ येईपर्यंत वाट पाहत, अनेकदा करावी. नळाच्या पाण्यातील क्षार वाळल्यावर कवचांवरच बसतात. वेळ वाचवण्यासाठी वेगाने सेंट्रिफ्यूज केल्यास लांब, नाजूक कवचे मोडतात, हेही लक्षात असू द्यावे. कायमची स्लाइड करण्यापूर्वी एक थेंब वाळवून १० पटीच्या वस्तुभिंगाखाली पाहिल्यास गर्दी, वाळू आणि क्षार हे तिन्ही दोष आयते कळतात.

प्रकाश: जेथे सर्वाधिक बिघडते

ऑगस्ट कोहलर यांनी १८९३ मध्ये मांडलेली, नमुन्यावर एकसारखा प्रकाश पाडणारी प्रकाशयोजना आजही पायाभूत आहे, आणि ती जुळवायला मिनिटभरच लागते. तरीही ती टाळली जाते. त्याहून मोठी चूक म्हणजे कंडेन्सरची झडप (त्याचे प्रकाशद्वार लहान-मोठे करणारा पडदा) उजेड कमी करण्यासाठी वापरणे. झडप मिटत नेली की चित्र ठसठशीत होते, कडा काळ्या होतात, डोळा सुखावतो आणि तपशील निघून जातो. उजेड कमी करायचा असेल तर दिव्याचा प्रवाह, फिल्टर किंवा कॅमेऱ्यातील प्रकाशनाचा काळ बदलावा.

हिशेब करून पाहिला तर हे अधिक पटते. अर्न्स्ट अ‍ॅबे यांच्या सिद्धांतानुसार ओळखू येणारे किमान अंतर ढोबळमानाने तरंगलांबीला वस्तुभिंग आणि कंडेन्सर यांच्या न्यूमेरिकल अपर्चरच्या बेरजेने भागून मिळते. हिरवा प्रकाश ५५० नॅनोमीटरचा, वस्तुभिंग १.४ चे आणि कंडेन्सर तेलाने जोडलेला १.४ चा असेल तर उत्तर सुमारे १९६ नॅनोमीटर येते. कंडेन्सर आणि स्लाइड यांच्यामध्ये हवा ठेवून तोच ०.९ वर चालवला तर २३९, आणि झडप मिटवून ०.५ वर आणला तर सुमारे २८९ नॅनोमीटर. म्हणजे अँफिप्लुराच्या २५० नॅनोमीटर अंतरावरील ओळी पहिल्या स्थितीत सुटतात, दुसरीत काठावर येतात आणि तिसरीत नाहीशा होतात. भिंग तेच, स्लाइड तीच. महागडे तैलवस्तुभिंग घेऊन कंडेन्सरला तेल न लावणे मला तरी पैशाचा अपव्यय वाटतो. ४५० नॅनोमीटरचा निळा प्रकाश वापरल्यास मर्यादा आणखी खाली येते, आणि डायटमची स्वच्छ कवचे रंगहीनच असल्याने एकाच रंगाच्या प्रकाशात काहीही गमवावे लागत नाही. साध्या अ‍ॅक्रोमॅट भिंगांना हिरवा फिल्टर विशेष मानवतो, कारण रंगदोषाच्या झालरी त्यामुळे नाहीशा होतात.

झडप किती उघडी आहे हे तपासण्यासाठी नेत्रिका काढून नळीतून खाली पाहावे. प्रकाशित वर्तुळाने भिंगाच्या मागील वर्तुळाचा सुमारे दोन तृतीयांश ते चार पंचमांश व्यास व्यापलेला असावा. तेलात बुडबुडा अडकला असेल तर तोही येथेच काळ्या ठिपक्यासारखा दिसतो.

तिरका प्रकाश बारीक ओळींसाठी प्रभावी असतो, पण त्याची दिशा चुकली तर ओळी मुळीच उमटत नाहीत: प्रकाश ज्या दिशेने येतो तिला काटकोनात असलेल्या ओळी उठतात आणि समांतर ओळी विरतात. अँफिप्लुराच्या ओळी आडव्या असल्याने प्रकाश कवचाच्या लांबीच्या दिशेने यावा लागतो, म्हणून स्लाइड किंवा कंडेन्सरखालचा अडथळा फिरवून पाहावा. फेज कॉन्ट्रास्टमध्ये (पारदर्शक वस्तू ठळक दाखवणाऱ्या पद्धतीत) जाड कवचांभोवती उजळ वलय येते. ते कवचाचा भाग समजून नोंदवू नये.

कॅमेऱ्याकडे वळताना

हादऱ्यांमुळे आलेला धूसरपणा एका दिशेने ओढल्यासारखा दिसतो. आरसा असलेल्या कॅमेऱ्यात आरसा आधी वर उचलून ठेवावा, शटरचा पहिला पडदा इलेक्ट्रॉनिक ठेवावा आणि बटण दूरनियंत्रकाने दाबावे. कॅमेरा सूक्ष्मदर्शकापासून वेगळ्या आधारावर धरणे उत्तम, मात्र तो आधार आणि सूक्ष्मदर्शक एकाच भक्कम टेबलावर असावेत.

मेगापिक्सेलच्या आकड्याला फसू नये. १०० पटीच्या आणि १.४ अपर्चरच्या भिंगातून ०.२ मायक्रोमीटरचा तपशील संवेदकावर २० मायक्रोमीटरचा होतो, आणि ४ मायक्रोमीटरच्या पिक्सेलना तो सहज टिपता येतो. पिक्सेल वाढवून त्यात भर पडत नाही. उलट ०.५ पटीचा अडॅप्टर लावून ४० पटीचे, ०.६५ अपर्चरचे भिंग वापरले तर तपशील संवेदकावर साडेआठ मायक्रोमीटरच्या आसपास येतो, आणि पिक्सेल ४ मायक्रोमीटरहून मोठे असल्यास तो निसटू लागतो.

वेगवेगळ्या फोकसची चित्रे एकत्र जोडण्याचे तंत्र येथे जपून वापरावे. डायटमचे कवच पारदर्शक असते, त्यामुळे दोन्ही झडपा (येथे कवचाचे दोन अर्धे भाग, कंडेन्सरची झडप नव्हे) एकमेकींवर असलेले पूर्ण कवच जोडचित्रात आले तर वरची आणि खालची नक्षी मिसळून निसर्गात नसलेली तिसरीच नक्षी तयार होते. जोडणीसाठी सुटी झडप निवडावी, आणि १.४ अपर्चरच्या भिंगासाठी दोन चित्रांमधील अंतर सुमारे ०.२ ते ०.३ मायक्रोमीटर ठेवावे. संगणकावर धार वाढवण्याच्या साधनानेही कडांना दुहेरी रेषा येतात, ज्या ओळखीच्या वेळी दिशाभूल करतात. मापनपट्टी मोजपट्टीच्या स्लाइडवरून, प्रत्येक भिंग आणि अडॅप्टरच्या जोडीसाठी स्वतंत्रपणे ठरवावी. वस्तुभिंगावर कोरलेल्या पटीवरून ती काढू नये.

चित्रात डाग दिसला तर लगेच पुसायला धावू नये. स्लाइड सरकवल्यावर डाग सरकला तर तो स्लाइडवर, नेत्रिका फिरवल्यावर फिरला तर नेत्रिकेवर, आणि कॅमेरा फिरवूनही चित्रातील त्याची जागा न बदलल्यास संवेदकावर असतो.

उपकरणाची निगा

भिंगांचे नुकसान धुळीपेक्षा पुसण्याने अधिक होते, असे माझे मत आहे. आधी रबरी ब्लोअरने हवा मारावी. तोंडाने फुंकल्यास लाळेचे कण बसतात. काम संपताच तैलवस्तुभिंगावरील तेल भिंगपुसणीच्या कोऱ्या कागदाने, न घासता टिपून घ्यावे, आणि मग निर्मात्याने सुचवलेल्या द्रावकाने किंचित ओलावलेल्या नव्या कागदाने मध्यापासून कडेकडे गोल पुसावे. द्रावक भिंगावर ओतू नये, कारण तो भिंगे चिकटवणाऱ्या थरापर्यंत झिरपतो. अ‍ॅसिटोन तर प्लास्टिक आणि रंगही खातो. दोन प्रकारची तेले एकत्र आल्यास गढूळपणा येतो.

केवळ ४० पटीच्या भिंगातूनच सगळे अंधूक दिसत असेल तर दहापैकी नऊ वेळा त्यावर तेल लागलेले असते, कारण १०० पटीवरून मागे फिरवताना ते थेट तेलातून जाते. भिंग काढून, उलटी धरलेली नेत्रिका भिंगासारखी वापरून त्याची पुढची काच तपासावी.

दमट हवेत भिंगांवर बुरशी वाढते आणि तिच्या आम्लांमुळे काचेवरचा लेप कायमचा खरवडला जातो. सापेक्ष आर्द्रता ४० ते ५० टक्क्यांच्या आसपास राहील अशी कोरडी पेटी किंवा सिलिका जेल ठेवलेला बंद डबा वापरावा, आणि जेल ओलावले की तापवून पुन्हा कोरडे करावे. चामड्याच्या किंवा कापडी आवरणात भिंगे महिनोन्महिने ठेवू नयेत. दिवा गरम असताना प्लास्टिकचे आवरण घालू नये आणि हॅलोजनचा दिवा उघड्या बोटांनी धरू नये.

फोकसची चक्रे जड झाल्यास त्यांत शिवणयंत्राचे तेल सोडण्याचा मोह होतो. जुने ग्रीस त्याने तात्पुरते मऊ होते, पण नंतर तेल वाहून जाऊन मंच आपोआप खाली घसरू लागतो; जुने ग्रीस काढून योग्य घट्टपणाचे नवे ग्रीस भरणे हाच उपाय. मंच घसरत असेल तर आधी घट्टपणाचे कडे तपासावे, आणि दोन्ही बाजूंची चक्रे एकाच वेळी उलट दिशांना कधीही फिरवू नयेत. सूक्ष्म चक्र टोकाला जाऊन अडले असेल तर ते जोराने न रेटता मधल्या स्थितीत आणावे आणि फोकस स्थूल चक्राने पुन्हा जुळवावा.