जुनी आरएक्स किंवा येझदी बनवायला घेताय? आधी पैशाचं बघा

हल्ली ज्याला त्याला यामाहाची जुनी आरएक्स 100 बाइक नाहीतर येझदी दारात उभी पाहिजे असते आणि पहिला प्रश्न ठरलेला, किती खर्च येईल. साधारण सांगायचं तर आरएक्स पूर्ण खोलून, इंजिन, वायरिंग, रंग, क्रोम सगळं नीट करायचं तर गाडीची किंमत सोडून 60-70 हजारापासून लाख-सव्वा लाखापर्यंत आरामात जातात, येझदी-जावाला त्याहून जास्तच, आणि राजदूत 350 असेल तर दोन सिलिंडरची गाडी, पिस्टनपासून कार्बोरेटरपर्यंत सगळं दोन-दोन, म्हणजे बघा. पण खर्च खरा ठरतो तो गाडी विकत घेताना, गॅरेजात नाही.

सगळ्यात आधी कागद. आरसी बुक ओरिजिनल आहे का, चॅसिस नंबर हँडलच्या खाली नेकवर पंच असतो तो आणि इंजिन नंबर आरसीशी जुळतो का, नंबर घासून परत पंच केल्यासारखा वाटतोय का हे उजेडात बघा. गाडीचा नंबर सरकारच्या एमपरिवहन अ‍ॅपवर टाकून बघा, खूप जुन्या गाड्यांची नोंद ऑनलाइन चढलेलीच नसते, मग आरटीओत बॅकलॉग एंट्री, म्हणजे जुनी नोंद ऑनलाइन चढवून घ्यायची आणि हे काम गाडी विकणाऱ्याकडून आधी करून घ्या, पैसे दिल्यावर तो फोन उचलत नाही. 15 वर्षं झाली की रजिस्ट्रेशन दर 5 वर्षांनी रिन्यू करायचं, त्यात पर्यावरण कर पण येतो, आणि आता एचएसआरपी, म्हणजे हाय सिक्युरिटी नंबर प्लेट पण लावावीच लागते, त्यामुळे ती हाताने रंगवलेली सुंदर जुनी पाटी काढून घरात भिंतीवर लावा. कागद नसलेली गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी नको, ते भंगारच.

मग गाडी पूर्ण आहे का ते बघा, आणि लोक इथेच फसतात. 15 हजाराची सांगाडा गाडी आणि 35 हजाराची जुनाट पण सगळे पार्ट जागेवर असलेली गाडी, यात दुसरी स्वस्त पडते. साइड पॅनल, टूलबॉक्सचं झाकण, मीटर, हेडलाइटचं भांडं, टाकीचे बॅज, चेनकव्हर, असली फुटकळ वाटणारी वस्तू ओरिजिनल शोधायला गेलात की दुकानदार तुमच्या तोंडाकडे बघून भाव सांगतो. पुण्यात नाना पेठ, मुंबईत कुर्ल्याचा सीएसटी रोड आणि दिल्लीचं करोल बाग, इथे बरंच मिळतं, पण डुप्लिकेट माल पण इथेच सगळ्यात जास्त. आरएक्स 1985 ते 1996 बनली, सुरुवातीच्या गाड्यांचे किट जपानहून यायचे, म्हणून "जपानी क्रँक आहे" म्हटलं (क्रँक म्हणजे पिस्टनच्या जोरावर फिरणारा इंजिनातला मुख्य दांडा) की भाव दुप्पट होतो. विकणारा म्हणतो म्हणून विश्वास ठेवू नका, खोलून दाखव म्हणा.

इंजिनात मात्र हात आखडू नका. या गाड्या टू-स्ट्रोक, त्यात क्रँककेस (क्रँक बसतो तो इंजिनाचा खालचा भाग) हवाबंद पाहिजे, पेट्रोल-हवा तिथेच दाबली जाते, त्यामुळे क्रँकचे ऑइल सील कडक झाले की गाडीचं सगळंच बिघडतं: क्लचच्या बाजूचं सील गेलं तर गिअर ऑइल आत ओढून पांढरा धूर, मॅग्नेटच्या बाजूचं गेलं तर बाहेरची हवा खेचून मिक्श्चर पातळ होतं, म्हणजे त्यात पेट्रोल कमी पडतं, आणि पिस्टन जाम व्हायची पाळी येते. सील काहीशे रुपयांत येतात पण इंजिन खोलल्याशिवाय बदलता येत नाहीत, म्हणून एकदा खोललं की सील, बेअरिंग, कनेक्टिंग रॉडचा प्ले (ढिलेपणा) सगळं बघूनच बंद करा. पिस्टनवर 25, 50, 75, 100 असं काही पंच आहे का बघा, म्हणजे ब्लॉक किती वेळा बोअर झालाय, म्हणजे आतून कापून मोठा केलाय, ते कळतं, 100 वर पोचला असेल तर स्लीव्ह, म्हणजे आत नवीन नळी टाकायला लागेल. बोअर आणि क्रँकचं काम चांगल्या लेथवाल्याकडेच, कोल्हापूरकरांना उद्यमनगरची वर्कशॉपं जवळ आहेत, त्यांची चैन आहे. अजून एक, आरएक्सला ऑइलचा वेगळा पंप असतो, तो बंद करून "मिक्सिंगवरच चालव", म्हणजे पेट्रोलमध्येच ऑइल मिसळून चालव, म्हणणारा मेकॅनिक भेटेलच, पंप चांगला असेल तर ऐकू नका.

क्रोमवाल्याला विचारायचं एकच, खाली तांबं आणि निकेल नीट चढवणार का. नुसतं वरवर चमकवलेलं पहिल्या पावसाळ्यात फोड धरतं. रंगाचं फार सांगत नाही, जुन्या फोटोवरून कंपनीची शेड जुळवून घ्या आणि जावाची सोनेरी रेघ हाताने मारणारा पेंटर मिळाला तर त्याच्याशी भांडू नका.

आता कस्टमचं. जुन्या गाडीचं रूप बदलून केलेल्या कॅफे रेसर, बॉबर दिसायला भारी, पण चॅसिस कापली किंवा परवानगीशिवाय दुसरं इंजिन बसवलं की गाडीत असे बदल करायला मनाई करणारं मोटार वाहन कायद्याचं कलम 52 आडवं येतं, आणि विकताना ओरिजिनलवाल्यालाच गिऱ्हाईक जास्त. 50 वर्षांपेक्षा जुनी गाडी असेल तर 2021 च्या नियमांनी तिची व्हिंटेज म्हणून नोंदणी होते, नवीन नोंदणीची फी 20 हजार, पण त्यात मोठे बदल केलेले चालत नाहीत आणि अशी गाडी रोज ऑफिसला नेता येत नाही.

एवढं करून मिळतं काय? पैसे वसूल होतील म्हणून करत असाल तर सोडा. येझदीचा गिअर लिव्हर आत दाबून उभा केला की तोच किक होतो, दोन सायलेन्सरमधून तो आवाज येतो आणि सिग्नलला शेजारचे काका काच खाली करून "आमच्याकडे पण होती" म्हणतात, ज्याला यासाठी लाख घालवायचेत त्याने घालवावेत.

गाडी तयार झाली की पहिले 500 किमी दमाने चालवा, नवीन बोअरला ताणू नका. आणि आताच्या इथेनॉलवाल्या पेट्रोलने जुनी रबरं खराब होतात, तेव्हा पाइप, कार्बोरेटरची वॉशर सगळी नवीन टाका, महिनाभर गाडी उभी राहणार असेल तर टाकी आणि कार्बोरेटर रिकामा करून ठेवा.