अकरावीला विषय निवडताय? पुणेकर पालकांनो, या चुका टाळा

"सायन्सला टाकलं की सगळे रस्ते उघडे," हे दहावीच्या निकालानंतर पुण्यात ज्याच्या त्याच्या तोंडी असतं. पण कॉलेजात विषयांचा फॉर्म भरताना त्यातले दोन-तीन रस्ते आपणच बंद करून येतो आणि ते कळतं थेट बारावीनंतर.

सगळ्यात जास्त फसगत होते ती बायफोकलमध्ये, म्हणजे दोन विषयांच्या जागी एकच व्यावसायिक विषय घेण्यात. इलेक्ट्रॉनिक्स किंवा कॉम्प्युटर सायन्स 200 गुणांचं, प्रॅक्टिकलचा वाटाही चांगला, त्यामुळे टक्केवारी वर जाते हे खरं. पण त्यासाठी दुसरी भाषा जाते आणि तिच्याबरोबर आणखी एक विषय, बहुतेकदा जीवशास्त्र. पुढे बारावीत मुलीला डॉक्टर व्हावंसं वाटलं तर? नीट या मेडिकलच्या प्रवेश परीक्षेत 720 गुणांपैकी निम्मे, म्हणजे 360, जीवशास्त्राचेच असतात. इंजिनीअरिंग किंवा आर्किटेक्चर पक्कं असेल तरच बायफोकल घ्या. उलट, "गणित झेपत नाही" म्हणून पीसीबी (फिजिक्स, केमिस्ट्री, बायोलॉजी) घेतलं की इंजिनीअरिंग गेलं. फार्मसी आणि बी.एस्सी. ॲग्रीला मात्र पीसीबी आणि पीसीएम (बायोलॉजीऐवजी गणित) हे दोन्ही ग्रुप चालतात. मुलाचं अजून ठरलेलं नसेल आणि चारही विषय पेलत असतील तर पीसीएमबी ठेवा. पेलत नसतील तर शेजाऱ्यांच्या मुलाकडे बघून ठेवू नका.

विषय आधीच सुटलाय? अकरावीची सुरुवातच असेल तर विषय बदलासाठी कॉलेजात लगेच लेखी अर्ज द्या. बारावी झाली असेल तर राज्य मंडळाच्या परीक्षेला 'तुरळक विषय', म्हणजे फक्त सुटलेला विषय, घेऊन बसता येतं. राष्ट्रीय वैद्यकीय आयोगानेही 2023 मध्ये बारावीनंतर जादा विषय म्हणून दिलेलं जीवशास्त्र ग्राह्य धरायचं ठरवलं. यात वर्ष जाऊ शकतं, पण दार उघडतं.

दुसरी मोठी चूक राज्याच्या प्रवेश परीक्षेबद्दलची, म्हणजे "सीईटी महत्त्वाची, बोर्डाला कोण विचारतो?" विचारतात. इंजिनीअरिंगला पीसीएममध्ये मिळून 45 टक्के लागतात, म्हणजे 300 पैकी 135. राज्यातल्या राखीव प्रवर्गांना 40 टक्के. एमबीबीएसला खुल्या प्रवर्गासाठी पीसीबीत 50 टक्के. जेईई या देशपातळीवरच्या इंजिनीअरिंग परीक्षेतून आयआयटी-एनआयटी गाठायची तर खुल्या प्रवर्गाला बारावीत 75 टक्के हवेत किंवा आपल्या मंडळाच्या पहिल्या 20 पर्सेंटाइलमध्ये नाव हवं. इंटिग्रेटेडच्या (कॉलेज आणि क्लास एकत्र) नावाखाली दोन वर्षं फक्त क्लासला बसलेली मुलं इथेच अडकतात, कारण एमसीक्यू पटापट सुटतात, पण बोर्डाचं सविस्तर उत्तर लिहायचा हातच बसलेला नसतो. गुण कमी पडले तर श्रेणीसुधारसाठी पुन्हा बसता येतं, आणि नापास झाल्यास पुरवणी परीक्षा आहेच.

अकरावी म्हणजे आरामाचं वर्ष, हाही असाच गैरसमज. एमएचटी-सीईटीत (इंजिनीअरिंग, फार्मसीची सीईटी) साधारण 20 टक्के भार अकरावीचा असतो. पीसीएमच्या 200 गुणांत एकट्या गणिताचे 100. आणि निगेटिव्ह मार्किंग नाही, तरी प्रश्न कोरे सोडून येणारे दरवर्षी भेटतात!

कॉमर्सवाले सीईटीकडे बघतच नाहीत. 2024 पासून एआयसीटीई (तंत्रशिक्षण परिषद) मान्य बीबीए आणि बीसीएला सीईटी लागते. पाच वर्षांच्या लॉसाठीही सीईटी आहे, तिथे शाखा कुठलीही चालते. पुढे अर्थशास्त्र किंवा संख्याशास्त्राकडे कल असेल तर अकरावीत गणित सोडू नका.

खडकवासल्याची एनडीए, म्हणजे राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनी, आपल्या दाराशी असून तिच्याबद्दलही अर्धवट माहिती असते. लष्करासाठी आर्ट्सचा मुलगाही यूपीएससीची परीक्षा देऊ शकतो. हवाई दल आणि नौदलाला बारावीत फिजिक्स, केमिस्ट्री, गणित हवंच.

अकरावीच्या ऑनलाइन प्रवेशात पसंतीक्रम भरताना फर्ग्युसन, स. प., गरवारे ही नावं सवयीने वर टाकली जातात. आधीचा कट-ऑफ बघा, आणि वाघोलीहून डेक्कनला रोज जाऊन क्लासही करायचाय याचा हिशोब मांडा. पहिल्या पसंतीचं कॉलेज लागलं आणि प्रवेश घेतला नाही तर पुढच्या नियमित फेऱ्यांतून बाद व्हावं लागतं. म्हणून जिथे खरोखर जायचंय तेच पहिल्या क्रमांकावर.

राहिले दाखले. जात पडताळणीचा अर्ज बारावीचा निकाल येईपर्यंत लांबवू नका, मुलगा बारावीत असतानाच कॉलेजमार्फत टाका. नॉन क्रीमी लेयरची मुदत त्यावर लिहिलेल्या वर्षाच्या 31 मार्चला संपते, त्यामुळे जूनमध्ये कपाटातून काढलेला, मुदत संपलेला दाखला कामाचा नसतो. बोर्डाच्या गुणपत्रिकेवर आडनाव आधी आणि आधारवर शेवटी असतं. नुसता क्रम वेगळा असेल तर घाबरू नका, पण स्पेलिंग वेगळं असेल तर परीक्षेचा फॉर्म सुटायच्या आत आधार केंद्रावर जाऊन दुरुस्त करून घ्या.